नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराचा आठ पानी वचननामा : साडेतीन स्टार

लोक मिक्सरचा रिव्ह्यू लिहितात, इअरफोनचा लिहितात, मग पाच वर्षांची गॅरंटी देऊन दारात टाकून जातात त्या वचननाम्याचा का नको, म्हणून हा लिहायला घेतला. उमेदवाराचं नाव, पक्ष, गाव काहीच लिहिणार नाही, उगाच प्रचाराची पोस्ट होऊन बसेल. एवढंच सांगतो की नगरपरिषद ‘ब’ वर्गातली आहे, म्हणजे वस्ती चाळीस हजार ते एक लाखाच्या मधली, नगराध्यक्षपद महिलेसाठी राखीव आहे, आणि या ताई आधी एक टर्म नगरसेविका होत्या.

आधी पॅकिंग. आठ पानं, आर्ट पेपर नाही, साधा कागद, दोन पिना. कव्हरवर ताईंचा एकटीचा फोटो. पक्षाचे नेते वर ओळीने स्टँपएवढे आहेतच, त्याला इलाज नाही, पण मिस्टरांचा फोटो कुठेच नाही आणि नावाच्या खाली कंसात अमुकअमुक यांच्या पत्नी असंही नाही. ज्यांनी नगरपालिकेच्या निवडणुका बघितल्यात त्यांना कळेल ही किती मोठी गोष्ट आहे, आमच्याकडे राखीव जागेवर बाईंचं नाव आणि मीटिंगला साहेब हे इतकं अंगवळणी पडलंय की विरोधी पॅनेलच्या फोल्डरवर नवऱ्याचा फोटो उमेदवारापेक्षा मोठा आहे आणि कुणाला त्यात काही वावगंही वाटत नाही.

आता आतला माल. मला सगळ्यात आवडलं ते हे की कामांना नंबर दिलेत आणि ते नंबर खरेच नंबर आहेत. पाणी, मग गटार, मग रस्ते, मग कचरा, मग बाजार, मग बाकीचं. समोरच्या पॅनेलच्या पत्रकात एक्कावन्न वचनं आहेत आणि जवळपास प्रत्येकासमोर ‘प्राधान्याने’ लिहिलंय, आता एक्कावन्न कामं एकाच वेळी प्राधान्याने कशी करणार हे विचारायची सोय नाही. आणि यांच्या सातव्या पानावर तर एक चौकट आहे, ‘पहिल्या दोन वर्षांत हे करणार नाही’. त्यात गावाच्या वेशीवरची स्वागत कमान, तळ्यातलं म्युझिकल कारंजं आणि नगरपरिषदेची नवी इमारत. हे करणार नाही असं प्रचारात कोण छापतं राव! छापखानेवाल्यानेसुद्धा विचारलं असेल, ताई हे चुकून आलंय का. कमानीवरून आमच्याकडे दोन गट आहेत, कुणाच्या नावाची करायची यावरून, त्यामुळे ही चौकट छापायला हिंमत लागते.

पाण्याचं पान सगळ्यात भरीव. नेहमी काय असतं, नवीन योजना, नवीन धरण, नवीन टाकी, शेकडो कोटी. इथे पहिल्या वर्षाचं पहिलं काम काय लिहिलंय तर जलशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या पाइपला आणि प्रत्येक टाकीच्या पायथ्याला मीटर बसवणे. वाचायला एकदम बोअर. पण मुद्दा असा आहे की केंद्र सरकारच्याच मापदंडात हिशेबाबाहेर जाणारं पाणी २० टक्क्यांच्या आत असावं असं आहे, आणि आमच्याकडे ते किती आहे हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही, कारण मोजायला काही नाहीच. पाणी सोडणाऱ्या वॉलमनच्या अंदाजावर गाव चालतं. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर द्यायचं असा निकष, ते टाकीतून सुटत असेलही, पण निम्मं मधेच जमिनीत मुरत असेल तर नवीन धरणातून आणलेलं पाणीही त्याच भोकातून जाणार ना.

अजून एक गोष्ट या पानावर आहे जी मी आधी कुठल्या पत्रकात वाचली नव्हती. पाणी दिवसाआड सुटतं तेव्हा मधल्या वेळात लाइन रिकामी असते, आणि रिकाम्या लाइनला फट असली की बाजूच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं, वर लोक नळालाच डायरेक्ट मोटार लावतात त्याने ओढ अजून वाढते. म्हणून पहिल्या दहा मिनिटांचं पाणी गढूळ येतं. आमच्याकडे सगळे ते पहिलं पाणी सोडून देतात, बायका बादली नळाखाली लावतच नाहीत वास जाईपर्यंत, पण ते तसं का येतं हे चार ओळीत कुणी लिहून दिलं नव्हतं. टोकाच्या घरांना करंगळीएवढी धार का येते तेही त्यातच आलं.

पण इथे ताई कच खातात. घरोघरी मीटर बसवणार असं लिहिलंय, बिल कसं येणार ते लिहिलेलं नाही. ‘टप्प्याटप्प्याने विचार करू’. कोपरा सभेत एका आजींनी बरोब्बर तिथेच धरलं.

‘मीटर बसवणार म्हणजे बिल वाढवणार का गं बाई?’

‘काकू, तुमच्या घरात माणसं तीन. तुमचं कमीच येईल. वाढेल ते रोज गाड्या धुणाऱ्यांचं.’

मागून एक जण ओरडला, ‘मग ताई, पहिलं तुमच्या दिरांचंच वाढेल की!’ दिरांचं वॉशिंग सेंटर आहे हे अख्ख्या गावाला माहीत. सगळे हसले, ताईपण हसल्या आणि म्हणाल्या, ‘वाढू द्या की मग.’ हे वाक्य खरं तर तिसऱ्या पानावर छापायला पाहिजे होतं. कराडला लागून असलेल्या मलकापूरने (बुलढाण्यातलं नव्हे, साताऱ्यातलं) हेच केलंय, नगरपंचायत असताना चोवीस तास पाणी, सगळ्यांना मीटर, आणि जो जास्त वापरेल त्याला वरच्या टप्प्यात जास्त दर. लहान गावाला जमतं याचं इतकं जवळचं उदाहरण असताना ते फोल्डरमध्ये नाही आणि विदेशातल्या कुठल्यातरी कारंज्याचा फोटो मात्र आहे, तोही ज्या कारंज्याला सातव्या पानावर नाही म्हटलंय!

चौथं पान म्हणजे एक मोठा तक्ता. प्रभाग, गल्ली, पाइप कुठल्या वर्षी, गटार कुठल्या वर्षी, रस्ता कुठल्या वर्षी. अक्षरं बारीक, आमच्या बाबांना भिंग लागलं, पण मला विचाराल तर फोल्डरचा जीव या तक्त्यात आहे. आमच्या मारुती मंदिरामागच्या बोळासमोर पाइप पहिल्या वर्षी, गटार दुसऱ्या, रस्ता तिसऱ्या असं आहे. म्हणजे अजून दोन वर्षं चिखल तुडवायचा. शेजारचे काका भडकले, म्हणाले हिला मत देऊन दोन वर्षं थांबायचं होय, तो दुसरा निवडून आल्यावर महिन्यात काँक्रीट करतो म्हणतोय. करेलही. गेल्या खेपेला तसंच झालं होतं, रस्ता झाला, फोटो झाले, आणि पुढच्या उन्हाळ्यात पाइपलाइनवाल्याने ब्रेकर लावून मधोमध चर पाडला तो अजून तसाच आहे, वरून मुरूम टाकून दाबलेला, स्कूटर घसरते. त्यामुळे काकांपेक्षा मला तक्ताच पटला.

मात्र रस्त्यांबाबत एक मोठी गोष्ट राहिलीय. काँक्रीटवर काँक्रीट टाकत गेल्यामुळे कितीतरी गल्ल्यांत रस्ता घराच्या उंबऱ्याच्या वर गेलाय. पूर्वी ओट्यावर चढायला पायरी होती, आता रस्त्यावरून ओट्यावर उतरावं लागतं, आणि जोराचा पाऊस झाला की पाणी सरळ माजघरात. यावर उपाय महाग नाही, नवीन थर टाकण्याआधी जुना खणून काढायचा आणि पातळी ठरवून द्यायची, पण ते निविदेतच लिहावं लागतं, नंतर ठेकेदाराला सांगून उपयोग नसतो. फोल्डरमध्ये पातळी हा शब्दच नाही. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी ठेकेदाराचं नाव आणि दोषदायित्वाची, म्हणजे बिघडलं तर त्यानेच स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत कधी संपते त्याचा बोर्ड लावणार असं आहे, ते चांगलंच, कारण ती अट करारात असतेच, फक्त लोकांना माहीत नसते आणि मुदत संपल्यावर खड्डा दिसतो.

कचऱ्याच्या पानावर मात्र माझी निराशा झाली. ‘स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिल्या दहात आणू’, हे वाक्य जाड टाइपात. आता यात अशक्य काही नाही, एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिला नंबर २०२० ला कराडचा, २०२१ ला विट्याचा, २०२२ ला पाचगणीचा आणि २०२३ ला सासवडचा, सगळी आपल्याच महाराष्ट्रातली, आपल्याएवढी नाहीतर आपल्याहून लहान गावं. पण त्यांनी नेमकं काय केलं ते बघायला पाहिजे की नको? आमच्याकडे सर्वेक्षण आलं की भिंतींवर गांधीजींचा चष्मा रंगतो, चौकात सेल्फी पॉइंट होतो आणि टीम गेली की कोपऱ्यावरचा उकिरडा परत होता तिथे. घंटागाडीला ओल्या-सुक्याचे दोन कप्पे आहेत, मधला पत्रा गंजून गेलाय, आम्ही घरात दोन डबे ठेवून वेगळं करायचं आणि गाडीत डोळ्यासमोर एकच ढीग होताना बघायचं. लोक मग कंटाळून एकाच पिशवीत देतात, आणि कर्मचारी म्हणतात लोकच वेगळं देत नाहीत. दोघंही खरं बोलतायत. २०१६ च्या नियमांपासून ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणं कायद्याने आलंय, नियमाची कमी नाही, पत्र्याची आहे. फोल्डरमध्ये एक ओळ पाहिजे होती, गाड्यांचे कप्पे पहिल्या तीन महिन्यांत दुरुस्त. नाहीये.

आणि ‘कचरा डेपो हटवू’. हटवून कुठे नेणार? शेजारच्या गावाच्या ग्रामसभेने ठराव केला की झालं, गाड्या वाटेतच अडवतात, हे होऊन गेलंय. जुना डेपो हटवायचा नसतो, चाळायचा असतो. बायोमायनिंग म्हणतात त्याला, ढीग उकरून, वाळवून, मोठ्या फिरत्या चाळणीतून काढायचा, माती वेगळी, दगड वेगळे, प्लास्टिक वेगळं, ते प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीला जाळायला जातं, आणि जागा मोकळी होते. केंद्राच्या स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात यासाठी पैसेही आहेत. वेंगुर्ल्याने डेपो इतका सुधारला की लोक तो बघायला जातात, पाचगणीतही तसंच झालं. हे सगळं ताईंना माहीत नसेल असं वाटत नाही कारण नगरसेविका असताना त्या अशा एका पाहणी दौऱ्याला गेल्या होत्या, मग लिहिलं का नाही कळत नाही, बहुतेक ‘हटवू’ ला टाळ्या जास्त पडतात.

या पानावर खाली दोन ओळी आहेत त्यांच्यासाठी मात्र अर्धा स्टार परत दिला. कंत्राटी सफाई कामगारांचा पीएफ दर महिन्याला भरल्याची पावती ठेकेदाराने दाखवल्याशिवाय त्याचं बिल निघणार नाही, आणि गटारात माणूस उतरवणार नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने बंदच आहे, पण लिहून दिलं हे बरं.

बाकीची पानं भराभर. बाजाराबद्दल ‘फेरीवाल्यांचं पुनर्वसन’ एवढंच, कुठे ते नाही. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात सर्वेक्षण, पथविक्रेता समिती, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले, हे सगळं आहे. आमच्याकडे समितीची मीटिंग कधी होते ते समितीतल्या भाजीवाल्या मावशींनाच माहीत नसतं. दाखले घरपोच देणार हे वचन मला जरा मजेशीरच वाटलं, लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, ठरलेल्या मुदतीत दाखला नाही मिळाला तर अपील करता येतं आणि दोषी ठरला तर अधिकाऱ्याला ५०० पासून ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घरपोच राहू द्या, त्या मुदतींचा बोर्ड खिडकीवर वाचता येईल असा लावा, सध्या तो कपाटाच्या मागे आहे. मोकाट कुत्र्यांपासून मुक्ती, हे सगळेच छापतात, नसबंदी केंद्राला जागा कुठे आणि डॉक्टर कोण हे कुणीच छापत नाही. वाचनालय रात्री दहापर्यंत उघडं ठेवणार, स्पर्धा परीक्षेची पोरं खूश, मीपण.

आता जिथे दीड स्टार गेला ते. पैसे. आठ पानांत घरपट्टी हा शब्द एकदाही नाही. चार वर्षांनी होणारी फेरआकारणी आली की प्रत्येक पक्ष स्थगिती आणायला मुंबईला पळतो आणि मग पुन्हा जुन्याच दराने वसुली, तीही अर्धवट. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते, त्यामुळे गरिबाची थकबाकी बघता बघता मुद्दलापेक्षा फुगते आणि बड्या थकबाकीदारांची यादी कधी बाहेर लागतच नाही. त्या यादीत कोण कोण आहे हे ताईंना पक्कं माहीत असणार, त्यातले काही त्यांच्याच स्टेजवर होते.

लोकांना वाटतं निधी वरून येतो मग काय. वरून येतो तो बांधून येतो. पंधराव्या वित्त आयोगात आमच्यासारख्या शहरांना जे मिळालं त्यातलं ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचं असं होतं, राज्याच्या नगरोत्थान योजनेतून रस्ता मिळाला तरी नगरपरिषदेला स्वहिस्सा भरावा लागतो, आणि टाकी बांधून मिळाली तरी तिच्या पंपाचं लाइट बिल कुणी वरून पाठवत नाही. लाइट बिल थकलं की पंप बंद, पंप बंद की मोर्चा. ज्या बाईने पाण्याचं पान इतकं विचार करून लिहिलं तिला हे कळत नसेल असं मी मानत नाही, मतं जातील म्हणून गाळलंय, आणि म्हणूनच जास्त राग आला.

दुसरं म्हणजे ‘मी करेन’, ‘मी करेन’ फार झालंय. नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडून येतो हे ठीक, पण कारभाराची सही मुख्याधिकाऱ्याची, तो सरकारने पाठवलेला, बदली झाली की गेला. आणि २०१६ च्या निवडणुकांनंतर कितीतरी गावांनी बघितलंय, नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्यांचं, मग प्रत्येक सभेत विषय तहकूब. तसं झालं तर या सहा नंबरांतलं काय टिकणार? तक्त्यातला पाइप टिकेल की नाही? याचं उत्तर कुठेच नाही. इंजिनिअरची जागा रिकामी आहे, प्रभारी माणूस आठवड्यातून एकदा दुसऱ्या गावाहून येतो, त्याबद्दलही शब्द नाही, आणि मीटर काय ताई स्वतः वाचणार आहेत का.

तरी साडेतीन, कारण तुलना करायला बाकीचा बाजार बघा. समोरच्या एक्कावन्न वचनांत एकाही गल्लीचं नाव नाही, तिसऱ्याच्या पत्रकात तर दुसऱ्याच शहराचा नदीकाठ छापलाय, आमच्याकडे नदी नाही.

शेवटच्या पानावर ‘चूक दिसल्यास कळवा’ म्हणून नंबर आहे. मी लावला. ताईंच्या मुलीने उचलला. तक्त्यात आमचा बोळ दोन प्रभागांत दोनदा आलाय आणि दोन्हीकडे वर्षं वेगळी आहेत हे सांगितलं, तिने थांबा म्हणून वही काढली, लिहून घेतलं, आणि दोन्हींतलं कुठलं धरायचं विचारल्यावर म्हणाली आईला विचारून सांगते. संध्याकाळी मेसेज आला, पाइप पहिल्याच वर्षी. नवीन छपाईत सुधारलेलं आहे, बघितलं मी.

कुणाला हवा असेल तर एक सूचना, व्हॉट्सअ‍ॅपवर जी पीडीएफ फिरतेय ती घेऊ नका, स्कॅन करताना चौथं पान उजवीकडून कापलं गेलंय आणि रस्त्याचा रकाना त्यात नाहीच, पाइप आणि गटारच दिसतं. छापील प्रत प्रचार कार्यालयात मागितली की देतात, सुधारित असेल तर कव्हरच्या आत खाली बारीक ‘दुसरी छपाई’ लिहिलंय. आपली गल्ली शोधा आणि ते पान घरपट्टीच्या पावतीसोबत फाइलला लावून ठेवा.